मेलेल्या पेशींची बाजू

"मृत त्वचा काढून टाका" असं सांगणारी जाहिरात दिसली की माझं डोकं फिरतं. मेलेली म्हणजे बिनकामाची, हे कोणी ठरवलं? आपण वाळून कोळ होत नाही ते त्या मेलेल्या थराच्याच जिवावर. तळहात-तळपाय सोडले तर पेशींचे पंधरा-वीस थर, सगळे मिळून मिलिमीटरचा फार तर पन्नासावा भाग. पेशी म्हणजे विटा आणि मधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना, ही पीटर एलियास या त्वचातज्ज्ञाची उपमा प्रसिद्धच आहे.

पण मला खरी गंमत वाटते ती खालच्या जिवंत पेशींची. भिंतीला भगदाड पडलं हे त्यांना कळतं कसं? भिंतीच्या लगेच खालच्या पेशींभोवती कॅल्शियम भरपूर असतं. भिंत फुटली की पाणी निसटतं, त्याबरोबर तिथलं कॅल्शियम कमी होतं, आणि हाच त्या पेशींना निरोप! चुन्याच्या इवल्या पिशव्या त्यांच्याकडे भरून तयारच असतात. काही मिनिटांत त्या बाहेर रिकाम्या होतात आणि नव्या बनायला लागतात. १९८० च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले, त्यात फुटलेल्या जागेवर पाण्याची वाफही जाणार नाही असं आवरण घातलं, तर दुरुस्ती रेंगाळली. पाणी जात नाही म्हणजे सगळं ठीक आहे, अशी पेशींची समजूत! (व्हॅसलीनने मात्र दुरुस्ती अडत नाही बरं का.)

ही दुरुस्ती निम्मी काही तासांत होते, पण पुरी व्हायला दोन-तीन दिवस लागतात.

आता आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे हात आठवा. चार घरं, काही ठिकाणी दोन वेळा. त्वचा मुळात आंबट, पीएच पाचच्या आसपास; कपडे-भांड्यांची पावडर बहुधा चांगलीच अल्कधर्मी. ती चुना धुऊन नेते, वर नवा चुना तयार करणारी विकरं मंदावतात आणि विटा सुट्या करणारी जोर धरतात. सकाळी पेशी कामाला लागतात, दुपारी पुन्हा घासणी हातात. त्या भेगा आळसाने किंवा हयगयीने पडलेल्या नाहीत. तरीही "मावशी, हाताला काही लावत जा हो" असा फुकटचा सल्ला आपण देतो.

माझं मत विचाराल तर आठवड्याची भरपगारी सुट्टी हा माणुसकीचा प्रश्न आहेच, पण शरीरशास्त्राचाही आहे. आणि एका दिवसातही भागत नाही, म्हणून हातमोजे हवेत. ते घेऊन देणं आपलं काम, त्यांचं नव्हे.

हातमोज्यांनी भांडी निसटतात, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे. बाजारातले ढगळे मोजे घेतले की असंच होणार. मापाचे घ्यावेत, आत पातळ सुती मोजे असावेत, कारण घामाने आतला हातही भिजतो. आणि दोन जोड ठेवावेत, एक वाळेपर्यंत दुसरा.