चीनचे नाव घेणारे आणि चीनला गेलेले

इल्म मिळवण्यासाठी चीनला जावे लागले तरी जा, या अर्थाचे वचन कानावर पडल्याशिवाय आपल्या समाजातला एकही शैक्षणिक जलसा पार पडत नाही. गुणवंतांचा सत्कार असो की शाळेचे स्नेहसंमेलन, वक्ता कोणीही असो, चीन येतोच! हदीसशास्त्राच्या अनेक जाणकारांनी या वचनाची सनद कमकुवत ठरवली आहे. बाराव्या शतकातील इब्न जौझींनी तर त्याची गणना बनावट हदीसांत केली. हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. तेही बाजूला ठेवू. आमचा सवाल साधा आहे. जे खरोखरच चीनला गेले, त्यांनी तिथे काय पाहिले, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

चीनचा प्रवासी म्हटले की सुशिक्षितांच्या तोंडी मार्को पोलोचे नाव येते. त्याचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. पण त्याने आपली हकीकत जिनोआच्या कैदेत सांगितली ती १२९८ साली. त्याच्या सुमारे साडेचारशे वर्षे आधी, इ.स. ८५१ मध्ये, ‘अखबारुस्सीन वल हिंद’ हा वृत्तान्त अरबीत लिहिला गेला होता. परंपरेने तो सुलेमान ताजिर या व्यापाऱ्याच्या नावाशी जोडला जातो. चिनी लोक उकळते पाणी ओतून एक कडवट पाला पितात आणि मिठाप्रमाणेच त्या पाल्याचे उत्पन्नही राजाच्या हाती आहे, असे त्यात नोंदले आहे. हा पाला म्हणजे चहा. मार्को पोलोच्या पुस्तकात चहाचे नाव नाही. या अरबी वृत्तान्ताचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये १७१८ सालीच छापला गेला. परक्यांनी त्याची कदर केली, आपण मात्र भाषणे केली.

त्या व्यापाऱ्यांनी काय टिपले ते पाहा. चीनमध्ये गरीब-श्रीमंत, लहान-थोर सगळेच लिहायला शिकतात. शहराशहरात गरिबांच्या मुलांसाठी शिक्षक आहेत आणि त्यांचा खर्च खजिन्यातून होतो. रोग आणि त्यावरची औषधे एका उंच शिळेवर कोरलेली आहेत, गरिबाला औषधाचे पैसे खजिन्यातून मिळतात. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडून कर घेत नाहीत, उलट त्यालाच रक्कम देतात. खान्फू, म्हणजे आजच्या ग्वांगझू बंदरात, मुसलमानांचे तंटे सोडवायला आणि ईदची नमाज पढवायला चिनी राजानेच एक मुसलमान नेमला होता. वर्गात खडू हातात घेणाऱ्या आमच्यासारख्यांना यातले शिक्षकाचे वाक्य सर्वात आधी दिसते. हे लिहिणारे मुसलमान होते आणि ज्यांच्याबद्दल लिहिले ते मुसलमान नव्हते. तरीही त्यांचा हात आखडला नाही.

त्यांनी दोषही लपवले नाहीत. चिनी लोकांच्या स्वच्छतेच्या आणि खाण्याच्या सवयी त्यांना आवडल्या नाहीत, तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे दहाव्या शतकात सिराफच्या अबू झैदने या वृत्तान्ताला पुरवणी जोडली. हुआंग चाओच्या बंडखोरांनी खान्फूमध्ये मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि पारशी मिळून १,२०,००० माणसे मारल्याचे तो सांगतो. आकडा थोडाफार फुगलेला असेल, पण घटना त्याने झाकली नाही. त्याच पुरवणीत बादशहाच्या मर्जीतल्या खोजाने नाडलेल्या एका खुरासानी व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो थेट राजधानीत गेला, फिर्याद खरी ठरली आणि बादशहाने त्या खोजाला पदावरून काढले. अबू झैद स्वतः चीनला गेला नव्हता. म्हणूनच खलाशांच्या थापा आपण गाळल्या, हे त्याने आवर्जून नोंदवले.

आता आपल्याच काही वक्त्यांकडे वळू. यातले ‘आम्ही पहिले पोहोचलो’ एवढेच त्यांना हवे असते. पोहोचणे ही व्यापाऱ्यांची कमाई होती, आपली नव्हे. शिवाय त्यांच्या पाहण्यालाही मर्यादा होत्या. बहुतेकांनी बंदरे पाहिली, कन्फ्यूशियसची परंपरा त्यांना उमगली नाही. इब्न बतूता मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून १३४२ साली दिल्लीहून निघाला. वाटेत दौलताबाद, नंदुरबार पाहून तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहिले. प्रवाशासाठी चीनइतका सुरक्षित मुलूख नाही, असेही तो सांगतो. पण तिथला परका धर्म पाहून त्याचे मन इतके विटले, की तो गरजेपुरताच घराबाहेर पडे. तो चीनमध्ये नेमका कुठवर गेला याविषयी अभ्यासकांत वाद आहे. म्हणून चिनी माणसाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. झेंग हे याच्या आरमाराबरोबर आलेला दुभाषा मा हुआन हा चिनी मुसलमान होता. पंधराव्या शतकात त्याने कालिकतपासून मक्केपर्यंतचे वर्णन चिनी भाषेत लिहिले. त्याचे नाव कोणत्या जलशात ऐकले आहे?

कोणी म्हणेल, आजच्या चीनमध्ये उइगुर मुसलमानांवर काय गुदरले ते विसरून त्या देशाचे गोडवे का गायचे? विसरायचे नाहीच. तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ साली म्हटले. पण शाळा आणि कत्तल एकाच ग्रंथात लिहिण्याचे धैर्य अबू झैदच्या ग्रंथात आहे, ते आपल्यात का नसावे?

हा प्रश्न आपल्या दाराशीही येतो. आपल्या मोहल्ल्यात ज्यांनी कधी पाऊल टाकले नाही, तेच आपल्याविषयी बेधडक लिहितात, याची आपण तक्रार करतो. ती रास्त आहे. मग शेजारच्या वस्तीविषयी, दुसऱ्या धर्माविषयी आपण काय पाहून बोलतो? जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून सांगा, ही शिस्त आपण दुसऱ्यांकडून मागतो, ती आधी आपल्या अंगी हवी.

अरबी जाणणारे मौलवी आणि मराठी लिहिणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. दोघांनी एकत्र बसून हे वृत्तान्त मराठी मुलांच्या हाती द्यावेत. सत्काराच्या हारतुऱ्यांवरचा खर्च एक वर्ष वाचवला तरी छपाईची सोय होईल. तोवर निदान व्यासपीठावरून चीनचे नाव घेणे तरी थांबवू या.