तारीख सरकली का?

महिन्याचा मध्य आला की आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या फोनची वाट बघत बसतात. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'काय गं, तारीख सरकली का?' जेवलीस का, नातू कसा आहे, हे सगळं मागाहून. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. पोलादपूर तालुक्यातलं माहेर आणि महाडातलं सासर, एवढ्यात त्यांचा जन्म गेला. पण अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते त्यात छापलेलं असतं, हे त्यांना संकष्टीच्या तारखेसारखं ठाऊक आहे. कधी तारीख दोन आठवडे पुढे जाते, कधी महिनोन्‌महिने जागची हलत नाही आणि कधी चक्क मागे येते. 'एसटीच्या रांगेत पुढे गेलेला माणूस मागे कसा येतो गं?' असं त्या मला विचारतात. वर्षाचा कोटा संपत आला की असं करतात, एवढंच मला सांगता येतं. ते त्यांना पटत नाही. खरं तर मलाही पटत नाही.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण परवा मुलीसाठी आलेला बायोडाटा घेऊन आली. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेत नोकरीला, घरचे साधे. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, 'ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे.' मैत्रिणीने ती ओळ मला बोट ठेवून दाखवली, 'ठाण्यात स्वतःचा फ्लॅट' असं वाचून दाखवावं तशी. मी तिला म्हटलं, 'अगं, आधी शेजारच्या काकूंकडे चल, मग काय ते ठरव.'

काकूंचा जावई २०१० मध्ये कंपनीच्या कामावर तिकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरात लग्न झालं आणि पुढच्या वर्षी लेक गेली. ती बी.एस्सी., बी.एड. आहे, इथे शाळेत शिकवत होती. तिकडे ती नवऱ्याच्या नावावरच्या एच-४ व्हिसावर गेली. या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. कंपनीने केलेला नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज मंजूर झाला, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो, आणि ही सोयही मे २०१५ पासूनची. जावयाच्या कंपनीने अर्ज २०१५ मध्ये केला, तो मंजूर व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. हिला परवाना मिळाला २०१७ मध्ये. म्हणजे वर्गात पन्नास पोरं सांभाळणारी मुलगी सहा वर्षं घरात. बँकेत वेगळं खातं नाही, हातात स्वतःचा पैसा नाही. नवरा भला आहे, म्हणून निभावलं. तो तसा नसता तर काय, हा विचार मी काकूंसमोर कधी बोलून दाखवला नाही.

मग कार्ड कधी? गणित असं आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डं देतात. त्यात अर्जदाराची बायको आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांच्या घराला चार कार्डं लागतात. एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण सात टक्केच. देश लहान असो की आपल्यासारखा एकशे चाळीस कोटींहून मोठा, टक्के तेवढेच. त्यामुळे कितीतरी देशांतल्या माणसांना रांग जवळजवळ नाहीच आणि आपली रांग मात्र घाट चढणाऱ्या ट्रकसारखी. २०२५ संपता संपता इंजिनिअर मंडळी ज्या गटांत येतात, त्या गटांत भारतीयांचा नंबर २०१३ सालच्या अर्जांपाशी होता. काकूंच्या जावयाचा अर्ज २०१५ चा. दोनच वर्षं राहिली असं वाटेल, पण दोन वर्षांचे अर्ज संपायला दोनच वर्षं लागतात असं नाही. तोवर व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढवून घ्यायचा. मधेच नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरायचं.

त्यात आपली एक रीत आडवी आली. पहिलं बाळंतपण माहेरी! काकूंनी हौसेने लेकीला सातव्या महिन्यात आणलं, नातू २०१३ मध्ये महाडात झाला. पाचवी पुजली, बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. तिकडे जन्मला असता तर तो जन्मानेच तिथला नागरिक झाला असता. आता तो आईबापांच्या अर्जात बसलाय. एकविसावं वर्ष पूर्ण झालं आणि तोवर नंबर आला नाही, तर तो त्या अर्जातून बाहेर पडतो. वयातून काही काळ वजा करायची सवलत असते, पण ती सगळ्यांना पुरत नाही. मग स्वतःचा विद्यार्थ्याचा व्हिसा काढायचा, नाहीतर जो देश सुट्टीपुरता पाहिला तिथे परत यायचं. काकू अजून म्हणतात, 'माझ्याच हट्टाने आली गं ती.' बाळंतपणाला लेक बोलावणाऱ्या आईला कोणी अपराधी म्हणावं का? पण रात्री झोप येत नाही तेव्हा माणूस स्वतःलाच म्हणतो.

२२ जुलै २०२१ ची रात्र महाडमध्ये कोणी विसरणार नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तेच संकट. काकू तळमजल्यावर एकट्या राहायच्या. आम्ही त्यांना वर गच्चीवर घेतलं तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक फाइल होती. दागिन्यांचा डबा खाली राहिला होता! फाइलमध्ये लेकीचे कागद. वीज नाही, फोन नाही. दोन दिवसांनी कोणाच्या तरी मोबाइलवरून लेकीशी बोलणं झालं, आणि ती तिकडे आणि ह्या इकडे नुसत्या रडल्या.

'आली नाही का लेक?' असं गावात पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की ४ मे २०२१ पासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांना बंदी केली होती, ती नोव्हेंबरात उठली. तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना सूट होती. तिथली नागरिक असलेल्या लहान मुलांच्या आईबापांनाही होती. रांगेतल्या बाईला, जिचं मूल महाडात जन्मलं तिला, नव्हती. ती आली असती तर आठ वर्षांचं पोर तिकडे आणि आई इकडे अडकून पडली असती. कार्ड असणं आणि 'प्रोसेसमध्ये' असणं यात काय फरक, ते मला त्या आठवड्यात समजलं. चिखल काढताना काकूंना ते समजावत बसायला मात्र माझी जीभ उचलली नाही.

आता त्या फाइलविषयी. नंबर येतो तेव्हा जन्माचा दाखला लागतो, आणि तो नीट लागतो. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आईबापांची नावं, सगळं हवं. काकूंची लेक १९८६ मध्ये आजोळी जन्मली. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद आहे, पण नावाच्या जागी नुसतं 'स्त्री' आणि आईचं नाव माहेरचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर लेकीचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. एकाच बाईचे कागद, आणि तीन निरनिराळ्या बायका वाटाव्यात! अशा वेळी जन्माच्या वेळी कळत्या वयाच्या असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. काकू एक आणि दुसरे पोलादपूरचे मामा. मी मामांना घेऊन तहसीलला दोन चकरा मारल्या. त्यांनी सही केली तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते. नंतरच्या वर्षी ते गेले. रांग तशीच उभी असते, साक्षीदार म्हातारे होतात.

वाट पाहणं आपल्याकडे नवं नाही म्हणा. पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जा, आजेसासू सांगेल. नवरा मुंबईत गिरणीत, ती इकडे भात लावणीला, शिमग्याला आणि गणपतीला भेट, मधे मनीऑर्डर. पण त्या बाईला निदान भाताचा धंदा तिच्या हातचा होता, घरात तिचा शब्द चालत होता. लेकीला ती सहा वर्षं तेवढंही नव्हतं.

नवऱ्याच्या एका कागदावर सगळं टांगलेलं असतं म्हणजे काय, हे २०१७ मध्ये साऱ्यांनी वाचलं. कॅन्सस राज्यात ओलेथ इथे हैदराबादकडचा इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोतला याला वंशद्वेषाने गोळी घातली. त्याची पत्नी सुनयना दुमाला हिला दुःखाबरोबर दुसराही धक्का बसला. नवरा गेला तसा त्याच्या नावावरचा तिचा तिथे राहायचा हक्कही गेला. तिथल्या एका खासदाराने मदत केली म्हणून ती नवऱ्याच्या अंत्यविधीसाठी येऊन परत जाऊ शकली.

मी परदेशाच्या विरुद्ध नाही. काकूंची लेक आज तिथे शाळेत शिकवते, आनंदात आहे, आणि परत ये म्हणायचा अधिकार मला नाही. माझं म्हणणं मुलींच्या आयांना आहे. 'प्रोसेसमध्ये' ही ओळ वाचून हुरळू नका. अर्ज कंपनीने केलाय का, की करणार आहे, हे विचारा. अर्जाची तारीख कोणती, पहिली मंजुरी आली का, हेही विचारा, कारण मुलीला काम करता येणार की नाही ते त्यावर ठरतं. आपण हुंडा नको म्हणायला शिकलो, पत्रिकेऐवजी रक्तगट विचारायला शिकलो, मग हे विचारायला लाज कसली? मुलीचं खातं इथे चालू ठेवा. तिचे कागद लग्नाआधी एका नावात आणा. आमच्याकडे पूर येतो, तेव्हा फाइल माळ्यावर ठेवा.

आणि आपल्यासाठीही एक. काकूंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षं लांबवलं, का तर 'लेक आली की करू.' पुरात पोपडे निघालेली भिंत तशीच, का तर 'नातू आला की रंग देऊ.' घराला आणि डोळ्यांना कसली प्रायॉरिटी डेट? गेल्या महिन्यात मी त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. भिंतीचं अजून ऐकत नाहीत.

मैत्रिणीने काकूंचं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस गप्प होती. मग मुलाकडे फोन केला आणि हे प्रश्न विचारले. आईवडील जरा रागावले, पण मुलगा स्वतः फोनवर आला. अर्ज अजून झालेला नाही, कंपनी पुढच्या वर्षी करते म्हणाली आहे, असं त्याने सरळ सांगितलं. मुलगी म्हणाली, 'खोटं बोलला नाही, आई.' स्थळ मोडलेलं नाही, ठरलेलंही नाही. परवा मुलीने नगरपालिकेत जन्माच्या दाखल्याचा अर्ज टाकला, तेव्हा मी तिच्याबरोबर होते.