पोटरीतला मासा

गेल्या महिन्यात आम्ही दोघं चोर्ला घाट उतरून डिचोलीला थोरल्या ताईकडे गेलो होतो. भाची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जेवताना गप्प गप्प. विचारलं तर डोळ्यांत पाणीच! शरीररचनेच्या पेपरात ‘गॅस्ट्रॉक्नीमियस’चं स्पेलिंग चुकलं आणि तोंडी परीक्षेत नाव आठवेना म्हणून ती ‘पोटरी’ म्हणून गेली, तर बाकीच्या मुली हसल्या. पेडणे-डिचोलीकडच्या पुष्कळ मुलांची वाट अशीच असते. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी. ‘‘मामा, मी कोर्स सोडते,’’ म्हणाली.

वही पाहिली. तिनं ‘एन’च्या आधीचा ‘सी’ गाळला होता. का, तर ‘मसल’मधला सी कुठं बोलतो! तर्क काही वाईट नव्हता. मसलमधला तो मुका सी लॅटिन ‘मुस्कुलुस’ची आठवण आहे. मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. रोमन लोकांना कातडीखाली उंदीर हललेला दिसला. आपण दंडावर बेडकुळी काढतो, म्हणजे आपला बेडूक. गॅस्ट्रॉक्नीमियसमधला सी मात्र बोलतो. शब्दाला रूप लॅटिन, पण मूळ ग्रीक: ‘गास्टेर’ म्हणजे पोट, ‘क्नेमे’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट. अगं, पोटरीच की ही!

1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेले तिचे आजोबा ओसरीवरून म्हणाले, ‘‘बार्रिगा दा पेर्ना. तेंही पायाचं पोटच.’’

आमची ही धारवाडची. ती म्हणाली, ‘‘आमच्यात मीनखंड म्हणतात. मीन म्हणजे मासा.’’

आता पायात मासा कुठला? पण त्या मोठ्या स्नायूखाली एक चपटा स्नायू असतो, सोलिअस. लॅटिन ‘सोलेआ’ म्हणजे चप्पल, आणि चपलेसारखा चपटा मासासुद्धा. गोव्यातला लेपो त्यातलाच. कानडी मासा आणि लॅटिन मासा एकमेकांचे नातलग आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. योगायोगच असेल, पण गोड आहे.

भाचीला एवढंच विचारलं, ‘‘शस्त्रक्रियेनंतर पडून राहिलेल्या म्हातारीच्या पायात रक्ताची गुठळी झाली, तर पाय सुजतो, दुखतो. तिला तू काय विचारणार? गॅस्ट्रॉक्नीमियस दुखतो का?’’

‘‘पोटरी दुखते का, आजी?’’ ती हळूच म्हणाली.

मग वही ओढून तिनं ते लांबलचक स्पेलिंग दहा वेळा लिहिलं. दरवेळी सी तेवढा लाल शाईनं.