पद्मिनीला पन्नाशीपर्यंत जगवायचं कसं?

आजोबांची प्रीमिअर पद्मिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे आणि रिस्टोरेशनचे व्हिडीओ बघून तुमचे हात शिवशिवतायत? मग पाना उचलण्याआधी एक सोपी आकडेमोड करा. आरसी बुकवरचं पहिल्या नोंदणीचं वर्ष बघा आणि त्यात 50 मिळवा. 1975 ची गाडी असेल तर तुम्ही नशीबवान. 1988 ची असेल तर उत्तर येतं 2038. तोपर्यंत तुम्ही तिला कितीही चकाचक करा, कायद्याच्या लेखी ती व्हिंटेज नाही, फक्त म्हातारी आहे.

हे पन्नास वर्षांचं गणित जुलै 2021 मध्ये आलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि व्हिंटेज गाड्यांसाठी देशभर एकच पद्धत आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, ती 10 वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला 5 हजार. नवा नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' लागतं; गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. बदल्यात अट अशी, की रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला ही अट रास्त वाटते. पन्नास वर्षांची गाडी घेऊन कोण रोज कॉलेजला जाणार आहे?

खरी गोची आहे ती पन्नाशीच्या अलीकडे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, मग दर 5 वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचं शुल्क वाढवलं: कारसाठी 10 हजार, मोटरसायकलसाठी 2 हजार. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे 1988 च्या पद्मिनीला पन्नाशी गाठायची तर मधल्या काळात पुन:पुन्हा हे पैसे भरायचे, शिवाय दर वेळी तपासणीत पास व्हायचं. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सअॅपवर उलटंच फिरत असतं: महाराष्ट्रात खासगी गाडी केवळ वय झालं म्हणून भंगारात जात नाही. ती जाते तपासणीत नापास झाली तर. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना 20 वर्षांची मर्यादा होती, म्हणून 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. तो नियम टॅक्सीचा. आजोबांच्या गाडीचा नाही.

दिल्लीत मात्र वयच गुन्हा ठरतं. तिथे 10 वर्षांवरचं डिझेल आणि 15 वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवायला मनाई आहे. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, लोक चिडले, काही दिवसांत निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई नको म्हटलं आणि डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरताच ठेवला. पद्मिनी, अँबेसेडर, काँटेसा, जुनी मारुती 800 या सगळ्या त्या रेषेच्या पलीकडे. तिथल्या तुमच्या वयाच्या मुलाने गॅरेजमध्ये घाम गाळून 1990 ची काँटेसा उभी केली, तर ती चालवायची कुठे?

विरोधातला मुद्दा खोटा नाही, हेही मान्य करू. भारतात मोठ्या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला 1995 मध्ये. त्याआधीची गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण धूर सोडते, आणि तुम्ही कार्ब्युरेटर कितीही प्रेमाने साफ केलात तरी यात फार फरक पडत नाही. पण मोजायला हवेत ते किलोमीटरही. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला एक फेरी मारणारी गाडी आणि रोज ठाण्याहून वांद्र्याला जाणारी गाडी, दोघींना एकच फूटपट्टी कशी लावायची?

बाहेरच्या देशांनी यावर वाट काढलीय. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिव्हा' 30 वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत 30 वर्षांच्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबरच्या शेवटी 'एच' मिळतो आणि ती पर्यावरण क्षेत्रांतही जाऊ शकते. ब्रिटनमध्ये ही वयोमर्यादा 40 आहे. आपण थेट 50 वर गेलो. त्यामुळे ज्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या काळातल्या रोल्स-रॉइस आहेत त्यांची सोय झाली, आणि मध्यमवर्गाने हप्ते भरून घेतलेल्या गाड्या मधल्या खड्ड्यात राहिल्या. वीस हजारांचं शुल्कही बघा: नियमात रोल्स-रॉइसला जेवढं, तेवढंच 1972 च्या बजाज चेतकला. आकुर्डीत तयार झालेली ती स्कूटर आता पन्नाशी ओलांडून गेलीय, पण कॉलेजमधल्या कोणाला वीस हजार परवडतात? खरं तर पॉकेटमनीत सुरू करता येईल असं रिस्टोरेशन स्कूटरचंच आहे, आणि शुल्क तिथेच अडवतं. तिशीच्या गाड्यांसाठी कमी शुल्काचा, मर्यादित वापराचा एक मधला वर्ग करायला सरकारला फारसा खर्च नाही. रोजचा वापर नको ही अट तर तयारच आहे.

आता गॅरेजमध्ये या. इथेही कायदा तुमच्या मागे आहेच. व्हिंटेज व्हायचं तर चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत बदल केलेला चालत नाही. पद्मिनी मूळची फियाट 1100; कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. तिला वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पायाखालचा पत्रा गंजला की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या ताकदीचा होतो. पुट्टी भरून वर रंग मारणारे भेटतील. त्यांना लांबून नमस्कार करा. गंजलेला भाग कापून त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा वेल्ड करावा लागतो. मग ही दुरुस्ती की बदल? नियमात रेषा स्पष्ट ओढलेली नाही, गाडी तपासणारी राज्याची समिती ठरवणार. म्हणून कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा, बिलं जपा.

मारुतीचं इंजिन बसवून पद्मिनी पळवण्याचा मोह होईल. रीलवर ते भारी दिसतं. पण इंजिन बदललं की पन्नाशीतही व्हिंटेजचा रस्ता बंद, आणि आजही ते बेकायदा ठरू शकतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय. पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठा. गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरात तिचे सुटे भाग भंगारातून शोधायचे, हा योगायोग थोडा बोचतो.

नवीन डोकेदुखी पेट्रोलची आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं ई-20 मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं, पण महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीत तळाला पाणी साठतं आणि आतून गंज धरतो. कार्ब्युरेटरचे जुने रबर, गॅस्केट, पेट्रोलच्या नळ्या फुगतात किंवा तडकतात. इंजिन उघडण्याआधी या नळ्या इथेनॉलला टिकतील अशा घ्या, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. व्हिंटेज नियमाने गाडी कमी चालवायला सांगायची आणि इंधनाने उभ्या गाडीला खायचं, असा हा प्रकार आहे.

ब्रेक मात्र सगळ्यात आधी. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर हमखास जाम झालेले असतात. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात अनेक जण हे विसरतात आणि गाडी पार्किंगच्या भिंतीवर जाते.

आणि ब्रेकच्याही आधी कागद. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 भरावा लागतो. घरातल्या बाकी वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, मूळ आरसी बुक. हे बुक हरवलेलं असेल तर आधी पोलिसांत नोंद आणि दुप्पट प्रत. आरटीओत हे काम महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं, तेव्हा ते गाडी खोलण्याआधी सुरू करा. खोललेली गाडी आणि नसलेले कागद अशा अवस्थेत सोसायटीची नोटीस आली, तर ती उचलणारा भंगारवालाच तुम्हाला सगळ्यात पटकन भेटेल.

पहिली मारुती 800 रस्त्यावर आली डिसेंबर 1983 मध्ये. ती गाडी कंपनीने पुन्हा सजवून आपल्या मुख्यालयात ठेवलीय. तिच्या पाठोपाठ विकल्या गेलेल्या बाकीच्या, तुमच्या-माझ्या कॉलनीत उभ्या असलेल्या मारुती पन्नाशीत पोचायला 2033 चं वर्षअखेर उजाडेल. तोपर्यंत त्यातल्या किती पार्किंगमध्ये उरतात आणि किती प्रेसखाली जातात, हे तुमच्या बॅचचे लोक नोकरीला लागेपर्यंत ठरलेलं असेल.