कोमेजलेलं फूल मुलांना खुडू द्या

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, बागेत गेलं की एक पाटी हमखास दिसते: 'फुले तोडू नयेत.' पाटी योग्यच आहे. पण आपल्या मुलांचं बागेविषयीचं शिक्षण त्या पाटीपाशीच संपतं, ही माझी तक्रार आहे. हात लावू नका, एवढंच ती शिकतात. झाडाची निगा कशी राखायची, हे त्यांना कुणी सांगत नाही.

याचा परिणाम आपल्या खिडक्यांच्या ग्रिलमध्ये दिसतो. आपण हौसेनं गुलाब, झेंडू, झिनियाची रोपं आणतो. पहिला बहर येतो, फुलं झाडावरच वाळतात आणि मग 'झाड फुलतच नाही' म्हणून नर्सरीवाल्याला बोल लावतो.

कारण साधं आहे. झाड फुलतं ते बी धरण्यासाठी. फूल कोमेजलं की त्याची ताकद बियांकडे वळते आणि नव्या कळ्या कमी होतात. फूल वेळीच खुडलं तर झाड पुन्हा कळ्या धरतं. झेंडू-झिनियाच्या नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही. देठासकट, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत खुडायचं. गुलाबाला कात्री लावायची ती पाच पर्णिकांच्या पानाच्या जरा वर. पावसाळ्यात तर हे जास्तच गरजेचं, कारण भिजलेल्या पाकळ्यांवर बुरशी येते. जास्वंद आणि सदाफुली आपली फुलं स्वतःच गाळतात. तिथे कुंडीतली पडलेली फुलं उचलली की झालं. हंगाम संपताना मात्र देशी झेंडूची दोन-चार फुलं झाडावरच वाळू द्यावीत. पुढच्या वर्षीचं बी त्यांतूनच मिळतं.

उर्दू शायरीत फुलं तोडणारा 'गुलचीं' बदनाम आहे आणि बाग राखणारा 'बागबान' मानाचा. पण फुलाला हात दोघांनाही लावावा लागतो. मराठीत तर ओरबाडणं, तोडणं आणि खुडणं असे तीन वेगळे शब्द आहेत. हा फरक मुलांना व्याकरणाच्या तासाला सांगून कळत नाही, कुंडीपाशी उभं केलं की कळतो.

म्हणून शाळांनी, सोसायट्यांनी, मशिदीच्या आवारात कुंड्या असतील तर तिथल्या मंडळींनीही आठवड्यातून अर्धा तास मुलांच्या हाती टोपली द्यावी. आणि बागेतल्या त्या पाटीखाली आणखी एक ओळ लिहावी: 'वाळलेली फुले खुडायची असतील तर माळीकाकांना विचारा.'