गाडी झटके का मारते?

अकोला-अमरावती मार्गावर जुनी चारचाकी चालवून पोट भरणारे आपले अनेक बांधव आहेत. कुणी कर्ज काढून, तर कुणी घरातले डाग गहाण ठेवून गाडी घेतलेली असते. ती उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून या वेळी आम्ही तिच्यातल्या एका लहानशा भागाविषयी लिहीत आहोत.

आमच्या परिचयातील एका चालकबंधूंची गाडी मूर्तिजापूरकडे जाताना ताशी पन्नासच्या आसपास आली की झटके देई. पाय पूर्ण दाबला की सुरळीत. सिग्नलला मात्र बंद पडे. "भाऊ, जसं कोनी मांगून ओढून धरते," असे ते सांगत. दोष खड्ड्यांवर ढकलावा, तर जून २०२२ मध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झालेला! गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग पेट्रोलचा पंप. घरची दोन महिन्यांची बचत गेली, झटके राहिले. शेवटी आयटीआय झालेल्या एका मुलाने मीटर लावला आणि पाऊण तासात दोष दाखवला. थ्रॉटल पोझिशन सेन्सर खराब होता.

हे प्रकरण अवघड नाही. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला सुरुवातीला कार्बोरेटर असे आणि मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखत. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा पुढे कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचे हे छोटा संगणक ठरवू लागला. हवेची झडप किती उघडली, हे त्याला हा सेन्सर कळवतो. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण आठवा. फार फिरवलेल्या जागी ते खरखर करते. सेन्सरच्या आतही तशीच पट्टी असते. रोज ज्या वेगाने गाडी चालते, त्याच जागी ती झिजते. म्हणून झटका ठरावीक वेगालाच येतो.

तपासणी अशी. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरला बहुधा तीन वायर असतात. एकीवर ५ व्होल्ट, दुसरी अर्थ आणि तिसरी निरोप नेणारी. आधी पहिल्या दोन पाहाव्यात. तिथे ५ व्होल्ट किंवा अर्थ मिळत नसेल तर सेन्सरचा दोष नाही, वायर कुठेतरी तुटली आहे. आपल्याकडे उंदीर काय करत नाहीत! दोन्ही ठीक असतील तर तिसऱ्या वायरवर मीटर लावून पेडल अगदी हळू दाबावे. साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच तो शून्याकडे पडून पुन्हा वर आला, तर तिथेच पट्टी झिजलेली आहे. यासाठी काट्याचा जुना मीटर आम्हाला अधिक बरा वाटतो. आकड्याच्या मीटरमध्ये क्षणभराची पडझड नजरेतून सुटते, काटा मात्र लगेच दचकतो.

पुष्कळ गॅरेजवाले मशीन लावून पी०१२२ किंवा पी०१२३ असा कोड दाखवतात आणि लगेच नवा सेन्सर लिहून देतात. पहिल्याचा अर्थ निरोपाचा व्होल्ट फार कमी, दुसऱ्याचा फार जास्त, एवढाच. वायर तुटली किंवा सॉकेटमध्ये पाणी गेले तरी हाच कोड येतो. तेव्हा पैसे देण्यापूर्वी "व्होल्ट किती आले, दाखवा जी," असे खुशाल म्हणावे. घरचा हिशेब सांभाळणाऱ्या भगिनींनीही विचारावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

अलीकडच्या गाड्यांत पेडलपासून झडपेपर्यंत तारच नसते, झडप मोटर उघडते. तिथे सेन्सर दुहेरी असतात. दोघांचे जुळले नाही की संगणक गाडीची ताकद कमी करून टाकतो. बहुतेक ठिकाणी पूर्ण थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते आणि तो खर्च मोठा आहे, म्हणून कनेक्टर व वायर आधी दोनदा तपासून घ्याव्यात. चावी ऑन असताना अशा झडपेत बोट घालू नये. ती अचानक मिटते.