तपासणीचा अहवाल : बाजारातील माल की जनतेचा हक्क?

ताप हिवतापाचा आहे की डेंग्यूचा, गाठ साधी आहे की कर्करोगाची, रुग्णाला चढवायचे रक्त निर्दोष आहे की नाही, या प्रश्नांचा निर्णय आज प्रयोगशाळेच्या अहवालावर होतो. औषध पटले नाही तर रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. अहवालावर छापलेला आकडा खरा की खोटा, हे पडताळून पाहण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नसते. बहुतेक वेळा ते डॉक्टरच्याही हाती नसते. म्हणूनच प्रयोगशाळेचा दर्जा ही ग्राहकाने पारखून घेण्याची बाब असू शकत नाही. ती कायद्याने व सार्वजनिक देखरेखीनेच राखावी लागते.

दर्जा म्हणजे केवळ नवे यंत्र व चकचकीत दालन नव्हे. रक्त पेशींपासून वेगळे न करता खोलीच्या तापमानाला तसेच ठेवले, तर त्यातील साखर दर तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी घटते. नमुना घेताना वा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियमचे प्रमाण खोटेच वाढलेले दिसते. यंत्र बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी ज्ञात प्रमाणाचा नियंत्रण-नमुना नित्य तपासावा लागतो. बाहेरच्या संस्थेकडून आलेले अनोळखी नमुने तपासून स्वतःची परीक्षाही द्यावी लागते. वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत अशी योजना चालवली जाते. या प्रत्येक कामाला वेळ, पैसा आणि प्रशिक्षित हात लागतात. आणि नफ्याचा हिशेब मांडणारा मालक पहिली काटछाट करतो ती नेमकी येथेच.

कायद्याची स्थिती काय आहे? संसदेने २०१० साली वैद्यकीय आस्थापना नोंदणी व नियमन कायदा केला. १ मार्च २०१२ पासून तो अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम, सिक्कीम आणि दिल्ली वगळता केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने इतर राज्यांनी तो स्वीकारणे त्यांच्या इच्छेवर राहिले. काहींनी तो स्वीकारला, तर केरळने २०१८ साली स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राने केंद्राचा कायदा स्वीकारला नाही. तेथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. परंतु तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे, रस्त्यावरच्या स्वतंत्र प्रयोगशाळेसाठी नव्हे. केंद्राने २०१८ मध्ये प्रयोगशाळांचे तीन स्तर पाडून किमान मानके जाहीर केली. पण जेथे कायदाच पोहोचला नाही तेथे ही मानके कागदावरच राहतात.

या पोकळीत उभी आहे ती ऐच्छिक मान्यता. राष्ट्रीय परीक्षण व अंशशोधन प्रयोगशाळा मान्यता मंडळ आय. एस. ओ. १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता देते. ही पद्धत शास्त्रीय आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. दोष आहे तो तिच्या ऐच्छिकपणात. ज्याला शुल्क व खर्च परवडतो तो मान्यता मिळवून तिचे बोधचिन्ह जाहिरातीत मिरवतो. बाकीच्यांना कोणी विचारत नाही. सरकारने मनावर घेतले तर सक्ती करता येते, हे २०२० सालीच दिसून आले. कोविडच्या तपासणीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने खासगी प्रयोगशाळांना या मान्यतेची अट घातली आणि ४,५०० रुपयांची दरमर्यादाही सुचवली. त्याच साथीत, २०२१ च्या हरिद्वार कुंभमेळ्यातील सुमारे एक लाख तपासणी-अहवाल बनावट असल्याचा संशय प्राथमिक चौकशीत पुढे आला. अट व परवाना यांच्या पाठीशी प्रत्यक्ष तपासणी नसेल तर काय घडू शकते, याचा हा इशारा होता.

अहवालावर सही कोणाची, हा दुसरा वाद. विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच प्रतिस्वाक्षरी करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधील प्रकरणात दिला. निर्णय योग्यच होता. पण त्याच्या आडून तज्ज्ञ विरुद्ध तंत्रज्ञ असे भांडण लावून देणे घातक आहे. एकाच डॉक्टरची सही अनेक प्रयोगशाळांना भाड्याने मिळत असेल, तर ती सही रुग्णाचे रक्षण करीत नाही. आणि नमुना प्रत्यक्ष हाताळणारा तंत्रज्ञ कंत्राटी, अल्पवेतनी व कामाच्या ओझ्याखाली वाकलेला असेल, तर सही कितीही मोठ्या पदवीची असली तरी आकडा सुधारत नाही. तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला आधार देणारा राष्ट्रीय कायदा २०२१ मध्ये, फार उशिरा झाला.

अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे शोधणाऱ्या काचपट्ट्या तेथे नगावर मजुरी देऊन, घाईने तपासून घेतल्या जात. कर्करोग नजरेतून सुटून स्त्रिया दगावल्याचे १९८७ साली वृत्तपत्रांनी उघड केले, आणि १९८८ मध्ये कठोर कायदा झाला. त्याखालील नियमांनी एका तंत्रज्ञाने २४ तासांत जास्तीत जास्त १०० काचपट्ट्या पाहाव्यात अशी मर्यादा घातली. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यालाही मान्य करावे लागले, की श्रमिकाच्या कामाचा वेग हाच रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

सक्ती केली तर तालुक्याच्या गावातील लहान प्रयोगशाळा बंद पडतील आणि बड्या साखळी कंपन्यांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. नियमनाचे ओझे सरसकट सारखे लादले तर ते मक्तेदारीचेच हत्यार ठरेल. परंतु त्यावरचा उपाय नियमन सोडून देणे हा नव्हे. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या काचपट्ट्या वरच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्या जातात, आणि तपासणाऱ्याला आधीचा निष्कर्ष सांगितला जात नाही. छोट्या ग्रामीण केंद्रालाही जोडून घेणारी अशी व्यवस्था सार्वजनिक क्षेत्राने उभी करून दाखवली आहे. तीच रक्त-लघवीच्या नित्य तपासण्यांना लागू करता येईल.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : प्रत्येक राज्यात प्रयोगशाळांची सक्तीची नोंदणी व स्तरांनुसार मानके, प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक संदर्भ प्रयोगशाळा व लहान केंद्रांना नियंत्रण-नमुन्यांचा विनामूल्य पुरवठा, तपासणीच्या निष्कर्षांची जाहीर नोंद, सरकारी रुग्णालयांतील तंत्रज्ञांच्या रिक्त जागांवर कायम नेमणुका, आणि डॉक्टर व प्रयोगशाळा यांच्यातील दलालीला कायद्याने बंदी. यांपैकी एकही गोष्ट बाजार आपणहून देणार नाही. आरोग्य चळवळीने, कामगार संघटनांनी आणि प्रामाणिक वैद्यकीय व्यावसायिकांनी ती एकत्र येऊनच मिळवावी लागेल. खरा अहवाल हा पैसेवाल्याला मिळणारा वाढीव दर्जा नव्हे; आजारी पडणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो हक्क आहे.